थोरल्या कॅमेऱ्याच्या जोडीला धाकटा: कोणता घ्यावा आणि का

माझ्या थोरल्या कॅमेऱ्याविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. पूर्ण फ्रेमचा (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा) सेन्सर, २४ ते ७० मिमीचा एफ/२.८ झूम (मिमीचा आकडा जेवढा लहान तेवढे दृश्य रुंद, एफचा आकडा जेवढा लहान तेवढा उजेड जास्त), दोन कार्डांची सोय, दिवसभर तग धरणारी बॅटरी. ठरवून, वेळ काढून करायच्या छायाचित्रणासाठी याहून अधिक काही हवे असे मला आजवर वाटलेले नाही. मात्र काट्यावर ठेवला तर लेन्ससह तो दीड किलोच्या घरात जातो, आणि ‘ठरवून’ या शब्दातच सगळी गोम आहे. गेल्या वर्षीची छायाचित्रे तारीखवार लावून पाहिली, तेव्हा महिन्यातल्या दोन-तीन तारखांवर शेकड्यांनी फोटो साचलेले आणि मधले आठवडेच्या आठवडे कोरडे, असा प्रकार दिसला. त्या कोरड्या दिवसांत पाहण्यासारखे काही घडलेच नव्हते असे कसे म्हणावे? कॅमेरा कपाटात होता, एवढेच.

म्हणून धाकट्या कॅमेऱ्याचा शोध सुरू केला. काही महिन्यांत तीन जातींचे कॅमेरे हाताळून झाले: एक इंची सेन्सर आणि लांब झूम असलेला सोनीचा आरएक्स१०० सेव्हन, फुजीफिल्मचा एक्स१०० सिक्स, आणि रिकोचा जीआर थ्री व त्याचाच पाठचा भाऊ जीआर थ्री एक्स. यांतला शेवटचा माझ्याकडे राहिला. तो का राहिला हे सांगताना बाकीचे का राहिले नाहीत हेही सांगणे भाग आहे, कारण स्वतंत्रपणे पाहिले तर त्यांच्यापैकी एकही डावा नव्हता. घरात आधीपासून असलेल्या थोरल्याच्या शेजारी ठेवल्यावर मात्र प्रत्येकाचे गणित बदलत गेले.

माझी पहिली यादी तयार झाली ती चुकीच्या प्रश्नावर. थोरला जे करतो ते सगळे लहान आकारात कोण करील, असे मी विचारत होतो, आणि अशा प्रश्नाचे उत्तर नेहमी दुधाची तहान ताकावर भागवणारेच येते. सेन्सरचे क्षेत्रफळ काढून पाहिले की त्याचे कारण समजते. पूर्ण फ्रेम म्हणजे ३६ × २४ मिमी, एकूण ८६४ चौरस मिलिमीटर. एपीएस-सी सेन्सर साधारण ३६७ चौरस मिलिमीटरचा, फोर थर्ड्स सुमारे २२५ चा. ‘एक इंची’ म्हणवणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे जेमतेम ११६ चौरस मिलिमीटर. त्यावर पट्टी कशीही ठेवली तरी एक इंच भरत नाही, कारण हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आलेले आहे. अ‍ॅपर्चर (लेन्समधले उजेड आत सोडणारे छिद्र) आणि शटरचा वेग सारखाच ठेवला, तर या सेन्सरवर पूर्ण फ्रेमच्या मानाने सातव्या हिश्श्याहूनही थोडा कमी प्रकाश जमा होतो, म्हणजे जवळजवळ तीन स्टॉपचा फरक पडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एकाच पिढीतले सेन्सर घेतले, तर एक इंचीवर आयएसओ (सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा) ८०० ला जेवढा दाणा, म्हणजे रवाळपणा, दिसेल तेवढा पूर्ण फ्रेमवर साधारण आयएसओ ६४०० ला दिसतो. एपीएस-सीच्या बाबतीत हाच फरक सव्वा स्टॉपवर येतो आणि तो रोजच्या वापरात सहज खपून जातो.

पार्श्वभूमी धूसर करण्याचेही तसेच आहे. एक इंची कॅमेऱ्याच्या खोक्यावर एफ/१.८ हा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. तो प्रकाशाच्या मोजमापापुरता खरा असला, तरी धूसरपणाच्या बाबतीत पूर्ण फ्रेमवरच्या एफ/४.९ च्या आसपासचा परिणाम देतो. यात फसवणूक कोणाचीच नाही. मात्र ज्याचा डोळा थोरल्यावरच्या एफ/२.८ ला सरावलेला आहे, त्याची पहिल्या संध्याकाळीच निराशा होते.

तेव्हा प्रश्न बदलला. थोरला घरी असतो तेव्हा माझ्या हातून नेमके काय निसटते, हे मी आठवडाभर एका वहीत टिपून ठेवले. शिडीवर चढून, स्क्रूड्रायव्हर दातांत आणि दिवा हनुवटीखाली धरून दोन्ही हातांनी वायर सोडवणारा वायरमन. दवाखान्याच्या बाकावर एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून झोपलेले म्हातारे जोडपे. जिन्याच्या खिडकीतून तिरपे आलेले ऊन आणि त्यात तरंगणारी धूळ. या यादीत दूरवरचा पक्षी नव्हता, रंगमंचावरचा नट नव्हता. जवळजवळ सगळे माझ्यापासून दोन-तीन पावलांवर, घराच्या किंवा इमारतीच्या आत, आणि फार तर अर्धा मिनिट टिकणारे होते. झूमची गरज यादीत एकदाही आली नाही. कमी उजेडाची आली, ती वारंवार; आणि प्रत्येक ओळीत ‘कॅमेरा जवळ असता तर’ हे गृहीतच होते.

कॅमेरा जवळ असायचा तर तो खिशात मावला पाहिजे, आणि खिशाच्या बाबतीत वजनापेक्षा जाडी महत्त्वाची असते, हे मला उशिरा कळले. आरएक्स१०० सेव्हन बॅटरी व कार्डासह ३०२ ग्रॅमचा आणि सुमारे ४३ मिमी जाड आहे. कॅननचा जी७ एक्स मार्क थ्री ३०४ ग्रॅमचा आणि ४१ मिमी जाड. जीआर थ्री २५७ ग्रॅमचा आणि ३३ मिमी जाड. थ्री एक्स त्याहून दोनच मिलिमीटरने जाड आणि २६२ ग्रॅमचा. एक्स१०० सिक्सची जाडी ५५ मिमी आणि वजन ५२१ ग्रॅम. कागदावर हे आकडे एकमेकांच्या जवळचे वाटतात, परंतु पॅन्टच्या पुढच्या खिशात ३५ मिमी जाडीची वस्तू घालून खाली बसता येते, ४३ मिमीची वस्तू मांडीला टोचते, आणि ५५ मिमीची वस्तू आत जातच नाही. जाकिटाचा खिसा हा काही उपाय नव्हे; जाकीट वर्षभर कोण घालतो? दुकानात कॅमेरा पाहायला जाताना आपली रोजची पॅन्ट घालून जावे आणि विक्रेत्याची परवानगी घेऊन तो खिशात घालून खुर्चीवर बसून पाहावे, हे मी आता कोणालाही सांगतो. तिथल्या तिथे निम्मी यादी गळून पडते.

आरएक्स१०० मालिकेची सुरुवात २०१२ ची. एवढ्या लहान अंगात एक इंची सेन्सर बसवण्याची कल्पना तेव्हा खरोखरच नवी होती. २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीत २४ ते ७० मिमीचा एफ/१.८ ते २.८ झूम, वर उघडणारा लहानसा व्ह्यूफाइंडर आणि अंगचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) आला. माझ्या मते जोडीचा कॅमेरा म्हणून या घराण्यातली तीच आवृत्ती सर्वांत समंजस आहे. २०१८ च्या सहाव्या आणि २०१९ च्या सातव्या आवृत्तीत झूम २०० मिमीपर्यंत लांबला, पण त्यासाठी अ‍ॅपर्चर एफ/२.८ ते ४.५ झाले आणि एनडी फिल्टर गेला. सातवा मी तीन आठवडे वापरला. त्याचा फोकस अचाट आहे. माणसाच्या डोळ्यावर तो असा चिकटतो की थोरल्यालाही मान खाली घालावी लागेल, आणि सेकंदाला २० फ्रेम टिपताना व्ह्यूफाइंडर क्षणभरही काळा होत नाही. भर दुपारी, उघड्यावर, दूरचे आणि जवळचे एकाच लेन्सने टिपायचे असेल तर त्याला तोड नाही.

प्रश्न संध्याकाळी उभा राहिला. घरात एका दिव्याच्या उजेडात वाचत बसलेल्या वडिलांचा फोटो घेताना झूम थोडा पुढे नेला की अ‍ॅपर्चर आकुंचन पावायचे, आयएसओ ३२०० च्या पुढे जायचा, आणि सेन्सर लहान असल्याने चष्म्याच्या काडीमागची कातडी मेणासारखी दिसू लागायची. रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घेऊन, दाणा कमी करणारे सॉफ्टवेअर वापरून ते पुष्कळसे सावरता येते हे मान्य आहे. पण थोरल्याच्या फोटोंशेजारी तो फोटो लावला की काय उणे आहे ते बिनचष्म्याच्या माणसालाही दिसत होते. शिवाय २०० मिमीच्या टोकाचा मी तीन आठवड्यांत फारच थोडा उपयोग केला, आणि जेव्हा केला तेव्हा मनात विचार आला की हे काम थोरल्याचे आहे. ज्याच्याकडे एकच कॅमेरा आहे आणि प्रवास पुष्कळ आहे, त्याच्यासाठी हा उत्तम पर्याय ठरेल. थोरला घरात असताना लांब झूम म्हणजे एकाच कामाला दोन गडी ठेवण्यासारखे आहे.

झूम हवाच असेल आणि सेन्सरही थोडा मोठा हवा असेल, तर पॅनासॉनिकचा एलएक्स१०० टू (२०१८, फोर थर्ड्स सेन्सर, २४ ते ७५ मिमी, एफ/१.७ ते २.८, ३९२ ग्रॅम) आणि कॅननचा जी१ एक्स मार्क थ्री (२०१७, एपीएस-सी, २४ ते ७२ मिमी, एफ/२.८ ते ५.६, ३९९ ग्रॅम) हे दोन मधले मार्ग आहेत. दुसऱ्याचा सेन्सर मोठा, पण झूमच्या टोकाला एफ/५.६ होत असल्याने मिळालेला फायदा लेन्सच खाऊन टाकते. पहिला उजेडाच्या बाबतीत उजवा, पण खिशात मावत नाही. मी दोघांनाही दुकानातूनच नमस्कार केला.

एक्स१०० सिक्सविषयी मात्र मनापासून लिहावेसे वाटते. या मालिकेचा पहिला कॅमेरा २०१० मध्ये फोटोकिना या छायाचित्रणाच्या प्रदर्शनात दाखवला गेला आणि २०११ मध्ये बाजारात आला. २०२४ चा सिक्स ही तिची सहावी आवृत्ती. २३ मिमीची एफ/२ लेन्स कायमची बसवलेली, म्हणजे पूर्ण फ्रेमच्या हिशोबाने ३५ मिमीचे दृश्य. चाळीस मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर, आणि या मालिकेत प्रथमच सेन्सर हलवून केलेले स्थिरीकरण, म्हणजे हात हलला तरी फोटो धूसर होऊ न देण्याची सोय. वर शटरच्या वेगाची चकती, लेन्सभोवती अ‍ॅपर्चरची कडी, आणि पुढच्या बाजूला एक लहानशी दांडी. ती ओढली की काचेतून दिसणारे खरे दृश्य जाते आणि त्या जागी इलेक्ट्रॉनिक दृश्य येते. शटर लेन्सच्या आत असल्याने आवाज जवळजवळ नाहीच, आणि फ्लॅश लावून भर उन्हातही वेगवान शटर वापरता येते. त्यातच चार स्टॉपचा एनडी फिल्टर अंगचा आहे. कॅमेरा हातात घेतला की बोटे आपापल्या जागी जातात. महिनाभर तो वापरताना मी थोरल्याला एकदाही हात लावला नाही.

आणि हीच अडचण होती. अर्ध्या किलोचा, गळ्यात अडकवण्याचा आणि न्यायचा म्हणून मुद्दाम न्यावा लागणारा हा कॅमेरा थोरल्याची जोड होत नाही, त्याची जागा घेतो. मी तो बाहेर नेला ते दिवस वहीत मोजले, तर तेही थोरल्याला न्यायचे तेच दिवस निघाले. वायरमनच्या शिडीच्या दिवशी तोही कपाटातच असता. पावसापासून संरक्षण हवे असेल तर पुढे जोडकडी आणि फिल्टर बसवावे लागतात, त्याने जाडी आणखी वाढते. ज्याला थोरला विकून एकाच कॅमेऱ्यावर यायचे असेल त्याने दुसरे काही पाहूच नये. मला मात्र थोरला विकायचा नव्हता.

आता जीआर. रिकोच्या या नावाला मोठी परंपरा आहे: १९९६ चा फिल्मवरचा जीआर१ हा २८ मिमी एफ/२.८ लेन्सचा खिशातला कॅमेरा होता, आणि २०१९ चा जीआर थ्री अजून त्याच मापाचे दृश्य, त्याच एफ/२.८ ने, २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर टिपतो. २०२१ च्या थ्री एक्समध्ये फक्त लेन्स बदलली. तिचे दृश्य ४० मिमीचे आहे. दिसायला दोन्ही कॅमेरे इतके साधे आहेत की समोरच्याला वाटावे, कोणीतरी कपाटात राहिलेला जुना कॅमेरा बाहेर काढला आहे. हा गुण मी वरच्या क्रमांकावर ठेवीन. थोरला उचलला की माणसे सरळ बसतात, केस नीट करतात. याला कोणी मोजत नाही.

प्रत्यक्ष वापर असा होतो. मनगटात दोरी, हात खिशात. कॅमेरा बाहेर येत असतानाच तर्जनी वरचे बटण दाबते. सेकंदाच्या आत लेन्स पुढे येते आणि पडदा उजळतो. मी स्नॅप फोकस दोन-अडीच मीटरवर बांधून ठेवलेला आहे. बटण अर्धे न दाबता एकदम पूर्ण दाबले की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, ठरलेल्या अंतरावर शटर सोडतो. ही सोय जुन्या काळच्या अंतर अंदाजून फोटो काढण्याच्या सवयीसारखीच आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय जीआरची खरी गंमत कळत नाही. तिचे गणितही पाहण्यासारखे आहे. जीआर थ्रीवर एफ/८ ठेवून अडीच मीटरवर फोकस बांधला, तर सव्वा मीटरच्याही अलीकडून थेट क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. थ्री एक्सवर तेच केले, तर साधारण १.६ ते ६ मीटर एवढाच पट्टा मिळतो. म्हणजे २८ मिमीवर अंदाज चुकला तरी चालतो. ४० मिमीवर हात आणि नजर जरा तयार हवी. पहिल्या आठवड्यात माझे निम्मे फोटो पाठीमागच्या भिंतीवर सुरेख फोकस झालेले निघाले.

मग तरीही थ्री एक्स का? इथे जोडीचा विचार उपयोगी पडला. खिशात तिसरा कॅमेराही असतोच, तो म्हणजे फोन, आणि बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा २४ ते २६ मिमीच्या आसपासचे रुंद दृश्य देतो. रुंद दृश्याची चटकन गरज पडलीच तर ती तिथे भागते. जीआर थ्रीमध्ये चौकट कापून ३५ आणि ५० मिमीचे दृश्य घेता येते, पण मग २४ मेगापिक्सेलचे अनुक्रमे १५ आणि ७ उरतात. माझ्या वहीतली माणसे दोन-तीन पावलांवर होती. त्या अंतरावरून २८ मिमीमध्ये खोलीभर पसारा आत येतो, ४० मध्ये माणूस आणि त्याच्या हातातली वस्तू येते. पूर्ण फ्रेमचा कर्ण ४३ मिमीचा असतो आणि त्याच्या जवळची फोकल लेंथ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) डोळ्याला ना ताणलेली वाटते ना चेपलेली, हे पुस्तकातले वाक्य मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा पटले. ज्यांना गर्दीत शिरून रस्त्यावरचे छायाचित्रण करायचे आहे त्यांनी मात्र २८ मिमीच घ्यावा. स्नॅप फोकसचा पट्टा तिथे त्यांच्या बाजूने आहे.

फोनची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो: फोन असताना हा खटाटोप कशाला, असे मला अनेकांनी विचारले आणि प्रश्न रास्त आहे. स्थिर दृश्यात फोन अनेक फ्रेम एकत्र करून असा काही परिणाम साधतो की छोट्या पडद्यावर फरक ओळखता येऊ नये. परंतु माणूस हलत असेल तर त्या जुळवणीत बोटांची टोके विरघळतात, सावल्या जबरदस्तीने उजळतात, आणि काय ठेवायचे व काय गाळायचे हा निर्णय माझ्या आधी फोनने घेतलेला असतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फोन बाहेर काढला की त्यावर आलेले तीन निरोप आधी दिसतात, आणि तेवढ्यात दृश्य निघून जाते.

थ्री एक्समधले उणे लपवण्यासारखे नाही. व्ह्यूफाइंडर नाही, आणि मागचा पडदा पक्का बसवलेला आहे. भर उन्हात त्यावर काय दिसते ते अंदाजानेच ठरवावे लागते. अंगचा फ्लॅश नाही. बॅटरी ठरावीक चाचणीनुसार सुमारे २०० फोटोंची आहे, म्हणजे दिवसभर बाहेर राहायचे तर दुसरी बॅटरी हवीच. यूएसबी-सी वर कॅमेऱ्यातच ती भरता येते, हा दिलासा. मंद उजेडात फोकस मागेपुढे घुटमळतो. पाऊस-धुळीपासून संरक्षण नाही. चलचित्रणाची आवड असेल तर हा कॅमेरा तुमचा नव्हेच. यांतली एकेक उणीव वाचून मी खरेदीच्या वेळी कचरलो होतो, आणि एकट्या कॅमेऱ्यासाठी ही यादी मोठीच आहे. पण दीर्घ दिवसाचे काम, पावसातले काम, व्ह्यूफाइंडरला डोळा लावून करायचे काम थोरला करतोच. त्याच्या मोबदल्यात अडीचशे ग्रॅमहून जरा जास्त वजनाच्या अंगात एपीएस-सी सेन्सर, तीन अक्षांवरचे स्थिरीकरण, दोन स्टॉपचा एनडी फिल्टर, बारा सेंटिमीटरपर्यंतचा मॅक्रो आणि मध्यापासून कडेपर्यंत चोख लेन्स मिळते. आयएसओ ३२०० चा फोटो थोरल्याच्या फोटोंत मिसळून छापला, तर मला स्वतःला फाइलचे नाव पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

२०२५ मध्ये याच घराण्यातला जीआर फोर आला आहे. दृश्य पुन्हा २८ मिमीचेच, सेन्सर २५.७ मेगापिक्सेलचा, स्थिरीकरण पाच अक्षांचे, आणि ५३ गिगाबाइट जागा कॅमेऱ्यातच. कार्ड मात्र मायक्रोएसडी लागते, तेव्हा थोरल्याची कार्डे त्यात चालणार नाहीत. जोडीच्या कॅमेऱ्यात ही बाब वाटते तेवढी किरकोळ नाही. एकच कंपनी निवडली म्हणजे बॅटरी आणि चार्जरही एकच होतील, असा एक समज दिसतो. प्रत्यक्षात सोनीच्या पूर्ण फ्रेम कॅमेऱ्यांची बॅटरी आणि आरएक्स१०० ची बॅटरी यांचा काही संबंध नाही, आणि फुजीफिल्मच्या एक्स-टी५ ची बॅटरीही एक्स१०० सिक्समध्ये बसत नाही. तेव्हा थोरला ज्या कंपनीचा त्याच कंपनीचा धाकटा घेण्याचा हट्ट सोडून द्यावा.

रंगांची जुळवणी हा नव्या जोडीचा पहिला त्रास. कॅमेऱ्यातून निघालेल्या जेपेगमध्ये प्रत्येक कंपनीची आपली चव असते आणि दोन चवी एका संग्रहात खटकतात. मी दोन्हींवर रॉ घेतो; जीआरची रॉ फाइल डीएनजी प्रकारची असल्याने बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये विनातक्रार उघडते. उन्हात दोन्हींचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता डेलाइटवर ठेवला की निम्मे काम तिथेच होते. दुसरा त्रास घड्याळाचा. सुरुवातीला धाकट्याचे घड्याळ थोरल्यापेक्षा बरेच मागे होते, आणि एका कौटुंबिक भेटीचे फोटो वेळेनुसार लावले तेव्हा पाहुणे आधी दारात निरोप घेताना दिसले आणि मग घरात शिरताना. आता महिन्याच्या एक तारखेला दोन्ही घड्याळे फोनवर पाहून मिळवतो.

हे कॅमेरे वापरलेले घेण्याकडे अनेकांचा कल असतो आणि त्यात गैर काही नाही, पण एक पथ्य पाळावे. लेन्स आत-बाहेर सरकणाऱ्या कॅमेऱ्यात प्रत्येक वेळी हवा आत ओढली जाते आणि हवेबरोबर धूळ. थोरल्याची लेन्स काढून सेन्सर पुसता येतो, तसे इथे करता येत नाही, सगळा कॅमेरा उघडावा लागतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक वापरलेला कॉम्पॅक्ट असाच घाईत घेतला होता. विक्रेत्याने काढून दाखवलेले फोटो निर्मळ होते, कारण ते एफ/२.८ ला घेतलेले होते; घरी येऊन आकाशाचा फोटो एफ/११ ला घेतला, तर मधोमध काळसर ठिपका, पिकल्या फळावरच्या डागासारखा. दुरुस्तीवाल्याने सांगितलेली रक्कम ऐकून मी तो ठिपका दोन वर्षे प्रत्येक आकाशातून हाताने पुसत बसलो. तेव्हा दुकानातच अ‍ॅपर्चर जेवढे लहान होईल तेवढे करावे, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्यावा आणि तो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहावा. झूम असेल तर दोन्ही टोकांना. तीन मिनिटांचे काम आहे.

पाण्यात किंवा चिखलात जाणाऱ्यांचा मार्ग निराळा आहे. ओएम सिस्टिमचा टीजी-७ (२०२३) पंधरा मीटर खोल पाण्यात कोणत्याही आवरणाविना चालतो आणि जवळच्या वस्तूंचे फोटो लहान सेन्सरच्या मानाने फार छान काढतो. पण त्याचा सेन्सर बारा मेगापिक्सेलचा आणि फारच लहान आहे, तेव्हा त्याच्याकडून घरातल्या संध्याकाळची अपेक्षा ठेवू नये.

थ्री एक्सच्या वरच्या चकतीवर यू१, यू२, यू३ अशा तीन जागा आपापल्या मांडणीसाठी दिलेल्या आहेत. यू१ वर मी उन्हातला स्नॅप फोकस बांधला आहे: एफ/८, अडीच मीटर. यू२ घरातल्यासाठी: एफ/२.८, आयएसओ ६४०० पर्यंत मोकळा, शटर १/६० च्या खाली न जाणारा. यू३ कृष्णधवल, कारण दोन जागांवर गरज भागल्यावर तिसरी हौसेला सोडायला हरकत नाही. आणि या धाकट्याने थोरल्याच्या पिशवीतही एक बदल घडवला आहे. ४० मिमीची जागा आता खिशात भरलेली असल्याने २४-७० चा झूम मी बहुतेक वेळा घरीच ठेवतो आणि थोरल्यावर ८५ मिमीची लेन्स लावून निघतो. पूर्वी जी लेन्स बदलायच्या कंटाळ्याने वर्षातून चारदा बाहेर यायची, ती आता त्याच्यावरून उतरत नाही.